विश्लेषण : कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू शरीरही तयार करते, तो औषध ठरू शकतो का?

सेप्टिक टँक आणि शेणाच्या खड्ड्यात काही क्षणांत जीव घेणारा हायड्रोजन सल्फाइड आपल्या रक्तवाहिन्यांत आणि मेंदूतही अत्यल्प प्रमाणात तयार होतो. रक्तदाबापासून अल्झायमरपर्यंत अनेक आजारांत त्याच्या उपयोगावर संशोधन सुरू आहे. लसूण, गरम पाण्याचे झरे आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी यांच्याशी त्याचा काय संबंध आहे? आणि सामान्य माणसाने त्यातून काय घ्यावे?

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर दोन गोष्टी सगळीकडे असतात, गुलाल आणि दवणा. सासनकाठ्या नाचवत, ‘चांगभलं’चा गजर करत वाडी रत्नागिरीत पोहोचलेला भाविक घरी परतला तरी त्याच्या कपड्यांना दवण्याचा वास येत राहतो. पण लाखोंची गर्दी एका डोंगरावर जमते तेव्हा पाणी, शौचालये आणि सांडपाणी यांवरचा ताणही तेवढाच वाढतो. यात्रा उतरते, भाविक परततात आणि मैल्याच्या टाक्या उपसण्याचे काम मागे उरते. हे केवळ जोतिबाचे चित्र नाही. पंढरपूर असो, तुळजापूर असो किंवा गावचा उरूस, गर्दीच्या प्रत्येक ठिकाणी हे काम कोणाला तरी करावे लागते.

अशा टाकीचे झाकण उघडल्यावर जो कुजक्या अंड्यासारखा भपकारा येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो विषारी वायू म्हणून शिकवला जातो आणि ते खरेच आहे. मात्र गेल्या तीन दशकांत शास्त्रज्ञांना असेही आढळले की हाच वायू माणसाचे शरीर स्वतः तयार करते आणि त्यावर काही महत्त्वाची कामे सोपवते. एकच पदार्थ विषही आणि शरीराची गरजही, हे कसे, ते समजून घेऊ.

हायड्रोजन सल्फाइड म्हणजे काय?

हायड्रोजनचे दोन अणू आणि गंधकाचा एक अणू मिळून हा वायू बनतो. त्याला रंग नाही, तो ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा थोडा जड असल्यामुळे खड्डा, विहीर, टाकी, गटाराचा चेंबर अशा खोलगट जागेत तळाशी साचतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १८व्या शतकात प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास केला. त्याच्याही आधी, १७०० साली, कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी मैला उपसणाऱ्या कामगारांचे डोळे लाल होतात, सुजतात आणि दृष्टी अधू होते, अशी नोंद केली होती. त्या त्रासामागे मैल्यातून निघणारा हाच वायू असावा, असे आज मानले जाते.

हा वायू तयार होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : सेंद्रिय कचरा, गंधकाची संयुगे आणि ऑक्सिजनचा अभाव. बंद टाकीत या तिन्ही असतात. तिथले काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. शेणाच्या गोबरगॅसमध्ये मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असतात, हा वायू थोडाच असतो. साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात सल्फेट अधिक असते, म्हणून त्यापासून बनणाऱ्या बायोगॅसमध्ये त्याचे प्रमाण बरेच जास्त असते. दूध आणि ऊस या दोन्हींसाठी ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात त्यामुळे हा वायू गटारापुरता मर्यादित नाही. तो गोठ्यामागच्या खड्ड्यात असू शकतो आणि कारखान्याच्या सांडपाणी प्रकल्पातही.

वास येत असेल तर माणूस सावध का होत नाही?

या वायूचा सर्वात मोठा धोका इथेच आहे. हवेतील त्याचे प्रमाण पीपीएममध्ये मोजतात. हवेच्या दहा लाख भागांत वायूचा एक भाग म्हणजे एक पीपीएम. माणसाचे नाक एका पीपीएमपेक्षाही कितीतरी कमी प्रमाणात हा वास ओळखते. वीस ते पन्नास पीपीएमला डोळे चुरचुरू लागतात. शंभर पीपीएमच्या पुढे मात्र वास ओळखणाऱ्या चेताच काम करेनाशा होतात. वायू वाढत असतो आणि माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही.

पाचशे पीपीएमच्या पुढे काही मिनिटांत माणूस कोसळतो. सातशे ते हजार पीपीएमला एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा संशोधन संस्थेने शंभर पीपीएम ही पातळीच जिवाला तत्काळ धोकादायक मानली आहे.

शरीरात नेमके काय होते? आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया नावाची केंद्रे असतात. श्वासातून आलेला ऑक्सिजन शेवटी ज्या एन्झाइमपाशी वापरला जातो, त्यालाच हा वायू अडवून धरतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. सायनाइडचे विष असेच काम करते. सर्वाधिक ऑक्सिजन लागणारे मेंदू आणि हृदय सर्वात आधी थांबतात.

एकामागून एक माणसे का दगावतात?

अशा दुर्घटनांच्या बातम्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मृतांमध्ये वाचवायला गेलेलेच जास्त असतात. ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीचा वापर शेण आणि स्लरी साठवण्यासाठी होत होता. मांजराला काढण्यासाठी एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, त्याच्यासाठी तिसरा, असे एकूण सहा जण उतरले. पाच जणांचा मृत्यू झाला. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा वाचला, कारण त्याला वरून ओढून काढता आले. त्याआधी मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथेही अशाच खड्ड्यात चार जणांचा बळी गेला होता.

अशा खड्ड्यात एकटा हायड्रोजन सल्फाइड मारतो असे नाही. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हवेतील ऑक्सिजन बाजूला सारतात आणि थोडा का होईना, हायड्रोजन सल्फाइड पेशींना श्वास घेऊ देत नाही. स्लरी ढवळली गेली की तिच्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणून काही वेळापूर्वी कोणी सुखरूप उतरून आला होता, हा पुरावा पुढच्या माणसासाठी निरुपयोगी ठरतो.

यात कायद्याचाही भाग आहे. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार, सुरक्षासाधने न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही बातम्या थांबलेल्या नाहीत.

मग असा वायू शरीर स्वतः का तयार करते?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांना प्राण्यांच्या आणि माणसांच्या मेंदूत सल्फाइड आढळले. तो बाहेरून आला असेल, असा तेव्हा अनेकांचा समज होता. १९९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ काझुहो आबे आणि हिदेओ किमुरा यांनी मेंदू हा वायू स्वतः बनवतो आणि चेतापेशींमधील संदेशवहनावर त्याचा परिणाम होतो, असे दाखवले. त्याआधी नायट्रिक ऑक्साइडने असाच धक्का दिला होता. धुरातला हा वायू रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप पोहोचवतो, हे शोधणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले. कार्बन मोनॉक्साइडचीही अशीच भूमिका पुढे आली होती. हायड्रोजन सल्फाइड या यादीतला तिसरा.

अंडी, डाळी, दूध, मांस यांतील प्रथिनांतून मिळणारे सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल यासाठीचा कच्चा माल. तीन वेगवेगळी एन्झाइम त्यापासून हा वायू तयार करतात. त्यापैकी एक प्रामुख्याने मेंदूत आणि यकृतात, दुसरे रक्तवाहिन्यांत आणि तिसरे मायटोकॉन्ड्रियात काम करते. शिवाय मोठ्या आतड्यातील जिवाणू तो वेगळा बनवतात. पोटातल्या वायूला अधूनमधून येणारा तो वास त्याचाच.

मात्र पेशीत एका वेळी त्याचे प्रमाण अतिशय कमी असते. तयार झाला की लगेच वापरला जातो, उरला तर मायटोकॉन्ड्रियातील वेगळी यंत्रणा त्याचे विघटन करते. अगदी थोड्या प्रमाणात असेल तर तो याच यंत्रणेद्वारे ऊर्जानिर्मितीला हातभारही लावतो. म्हणजे जास्त प्रमाणात पेशीचे इंजिन बंद पाडणारा पदार्थ अत्यल्प प्रमाणात त्याच इंजिनाला इंधन देतो. शास्त्रज्ञांना त्यात रस वाटू लागला तो यामुळे.

आजारांशी त्याचा संबंध काय?

रक्तवाहिन्यांत वायू बनवणारे एन्झाइम ज्या उंदरांत जनुकीय बदल करून काढून टाकले, त्यांचा रक्तदाब वाढला, असे २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रक्तवाहिनीच्या स्नायूला सैल होण्याचा निरोप देणाऱ्यांत हा वायूही आहे, असा त्याचा अर्थ.

मेंदूच्या बाबतीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अल्झायमरसदृश आजार असलेल्या उंदरांना शरीरात हळूहळू हायड्रोजन सल्फाइड सोडणारे संयुग बारा आठवडे दिले. त्यांची स्मरणशक्ती आणि हालचाल उपचार न दिलेल्या उंदरांपेक्षा चांगली राहिली.

पण जास्त म्हणजे चांगले, असे समीकरण इथे चालत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी आपल्या वाढीसाठी हा वायू जास्त प्रमाणात बनवतात, असे आढळले आहे. तो बनवणाऱ्या एका एन्झाइमचे जनुक २१ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची जादा प्रत असते, म्हणून तिथे वायूचे वाढलेले प्रमाण त्रासदायक ठरते का, हेही तपासले जात आहे. क्षयरोगाबाबत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील अभ्यासांत, शरीरात हा वायू कमी बनत असेल तर क्षयाच्या जिवाणूला पाय पसरणे अवघड जाते, असे दिसले. एखाद्या आजारात तो वाढवायला हवा आणि दुसऱ्यात घटवायला. सरसकट सर्वांना देता येईल असे औषध त्यातून निघणे म्हणूनच कठीण आहे.

लसूण खाल्ल्याने हा वायू मिळतो का?

कांदा-लसूण मसाल्याशिवाय कोल्हापूरचे स्वयंपाकघर चालत नाही, म्हणून हा प्रश्न इथल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा. लसणाचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचाच. लसणापासून मिळणारी काही गंधकसंयुगे माणसाच्या लाल रक्तपेशींपाशी आली की त्यांतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, असे २००७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले. उंदराच्या रक्तवाहिन्यांचे तुकडे त्यामुळे सैल झाल्याचेही त्यांना आढळले. लसणाने रक्तदाब थोडा उतरतो, असे सांगणाऱ्या जुन्या निरीक्षणांना त्यामुळे एक स्पष्टीकरण मिळाले.

लसूण ठेचल्यावर किंवा चिरल्यावर त्यातील एक एन्झाइम कामाला लागते आणि ही संयुगे तयार होतात. अख्खी पाकळी थेट गरम तेलात टाकली तर ते एन्झाइम उष्णतेने निकामी होते. ठेचून काही मिनिटे ठेवण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

मात्र प्रयोगशाळेतील तुकडा आणि रक्तदाबाचा रुग्ण यांत मोठे अंतर आहे. जेवणातला लसूण चालू ठेवायला कोणाचीच हरकत नाही. पण त्याच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाची शक्यता वाढते.

गरम पाण्याच्या झऱ्यांत औषधी गुण असतात का?

जोतिबाच्या डोंगरावरील गावाचे नाव वाडी रत्नागिरी. घाट उतरून गेल्यावर जो रत्नागिरी जिल्हा लागतो, तिथे दापोली तालुक्यात उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी आणि आरवली, राजापूरजवळ उन्हाळे अशी गरम पाण्याची कुंडे आहेत. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी आणि गणेशपुरीची कुंडे तर सर्वपरिचित. यांपैकी काही ठिकाणी येणारा गंधकाचा वास या पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. खरुज, सांधेदुखी यांसाठी इथे आंघोळ करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

युरोपात आणि जपानमध्ये गंधकयुक्त पाण्याच्या स्नानाचे सांधेदुखीवर छोटे-छोटे अभ्यास झाले आहेत. अनेकांत रुग्णांना दुखण्यात उतार जाणवला. पण गरम पाण्यात बसण्याचा, विश्रांतीचा आणि गंधकाचा परिणाम वेगवेगळा काढून दाखवणे अवघड असते. शिवाय साधे पाणी आणि गंधकाचे पाणी वासावरूनच ओळखता येत असल्याने, आपल्याला काय दिले आहे हे रुग्णापासून लपवता येत नाही. तेव्हा कुंडातल्या आंघोळीने बरे वाटत असेल तर ती जरूर करावी, तिला उपचाराची जागा देऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि अंगावर उघडी जखम असलेल्यांनी फार गरम सामायिक कुंड टाळलेले बरे. हे पाणी बंदिस्त, हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात घेतले तर वायू साचू शकतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

औषध म्हणून संशोधन कुठवर आले आहे?

या क्षेत्रातील सर्वात गाजलेला प्रयोग २००५ चा. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्क रॉथ यांच्या गटाने उंदरांना ८० पीपीएम वायू असलेल्या हवेत ठेवले. त्यांचा चयापचय सुमारे ९० टक्क्यांनी मंदावला, शरीर थंड पडले आणि साध्या हवेत आणल्यावर ते पूर्ववत झाले. अपघातातील जखमीला रुग्णालयात नेईपर्यंत असेच ‘थांबवून’ ठेवता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. पुढे मेंढ्या आणि डुकरे यांसारख्या मोठ्या प्राण्यांत तसा परिणाम दिसला नाही. उंदराचे शरीर इतके छोटे की ते सहज थंड होते, माणसाचे होत नाही.

दुसरा प्रयत्न वेदनाशामक गोळीचा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात. कॅनडातील अँटिबे थेरप्युटिक्स या कंपनीने नॅप्रोक्सेन या परिचित औषधाला हायड्रोजन सल्फाइड सोडणारा भाग जोडला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या, २४४ निरोगी व्यक्तींवरील दोन आठवड्यांच्या चाचणीत साधे नॅप्रोक्सेन घेणाऱ्या सुमारे ४२ टक्के लोकांना व्रण झाले, नव्या औषधाच्या गटात फक्त अडीच टक्के. निकाल डोळ्यांत भरणारा होता. पण पुढच्या चाचणीत काहींच्या यकृताचे एन्झाइम वाढल्याचे दिसले आणि २०२१ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. ते औषध बाजारात आलेले नाही.

तिसरा प्रयत्न हृदयविकाराच्या झटक्यात. सोडियम थायोसल्फेट हे सायनाइडच्या विषबाधेवर वापरले जाणारे जुने औषध. शरीरात त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. झटका आल्यावर ते दिले तर हृदयाच्या स्नायूचे नुकसान कमी होईल का, हे नेदरलँड्समध्ये सुमारे ३८० रुग्णांवर तपासले गेले. अपेक्षित फायदा दिसला नाही.

थोडक्यात, उंदरांत आशा आणि माणसांत अडखळ, अशी आजची स्थिती आहे. केवळ हायड्रोजन सल्फाइड पुरवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध आज रुग्णांच्या हाती नाही. तसा दावा करून कोणी चूर्ण, थेंब किंवा कॅप्सूल विकत असेल, तर त्यामागे माणसांवरील भक्कम पुरावा नाही.

महाराष्ट्रात यावर कोणते काम झाले आहे?

पुण्यातील आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत हरिनाथ चक्रपाणी यांचा गट या वायूवर काम करतो. अडचण अशी की वायू थेट देता येत नाही, प्रमाण हातात राहत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञ असे रेणू तयार करतात जे ठरावीक ठिकाणी पोहोचल्यावरच वायू सोडतील. या गटाने बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमित सिंग आणि इतर सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये असा एक रेणू प्रसिद्ध केला. तो जिवाणूंमध्ये असलेल्या एका एन्झाइमशी गाठ पडल्यावरच उघडतो, माणसाच्या पेशीत तसाच राहतो.

त्यातून मूत्रमार्गाच्या संसर्गातील जिवाणूंबद्दल महत्त्वाची गोष्ट हाती आली. प्रतिजैविकांचा मारा झाला की जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचा ढालीसारखा उपयोग करतात. वायू पुरवला तर ते औषधाला अधिक दाद देईनासे होतात आणि त्यांची वायू बनवण्याची यंत्रणा अडवली तर औषध पुन्हा परिणाम करू लागते. प्रतिजैविके निष्प्रभ ठरत चालल्याच्या काळात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. इथे वायू देणे नव्हे, तो अडवणे हा उपचाराचा मार्ग ठरू शकतो. भारतीय विज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये एचआयव्हीबाबत उलट बाजू दाखवली. पेशीत दडून बसलेला विषाणू पुन्हा डोके वर काढू नये यासाठी हा वायू मदत करतो, असे त्यांना पेशींवरील प्रयोगांत दिसले.

यात्रेत आज त्याचा उपयोग कुठे होऊ शकतो?

औषध दूर असले तरी हा वायू आरोग्यासाठी वर्षानुवर्षे राबतो आहे, तो पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत. १९८२ मध्ये के. एस. मांजा आणि सहकारी भारतीय शास्त्रज्ञांनी एक सोपी चाचणी जगापुढे ठेवली. छोट्या बाटलीत जिवाणूंचे खाद्य, गंधकाचे संयुग आणि लोहाचा क्षार लावलेली कागदी पट्टी असते. त्यात पाणी भरून बाटली उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. पाण्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तो लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळे पडते. काळी बाटली म्हणजे पाणी पिऊ नका.

तिला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, निकाल डोळ्यांना दिसतो. म्हणून गावपातळीवर ‘एच टू एस बाटली’ रूढ झाली. ही चाचणी प्राथमिक आहे. बाटली काळी पडली तर प्रयोगशाळेत खात्री करावी लागते आणि ती स्वच्छ राहिली म्हणजे रसायनांचे प्रदूषणही नाही, असे होत नाही. पण एक-दोन दिवस थांबावे लागत असल्याने ती यात्रेच्या आदल्या आठवड्यातच करायला हवी. ऐन पौर्णिमेला भरलेली बाटली काळी पडेपर्यंत ते पाणी पिऊन भाविक आपापल्या गावी पोहोचलेले असतात.

सामान्य माणसाने नेमके काय लक्षात ठेवावे?

सेप्टिक टँक, शेणाचा खड्डा, वापरात नसलेली विहीर किंवा ड्रेनेजचा चेंबर यांत कोणीही उतरू नये. उपसा सक्शन गाडीनेच करून घ्यावा. वास येत नाही, म्हणजे वायू नाही, असे मानू नये. कंदील किंवा काडी पेटवून हवा तपासण्याची जुनी पद्धत तर अधिकच घातक, कारण मिथेन आणि हा वायू दोन्ही पेट घेतात. या तपासणीसाठी वायुमापक यंत्र मिळते, ग्रामपंचायतीने किंवा देवस्थानाने ते घेऊन ठेवणे परवडण्याजोगे आहे.

आत कोणी कोसळला असेल तर मागोमाग उडी मारू नये. १०१ किंवा ११२ वर अग्निशमन आणि पोलिसांना, १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करावा आणि ‘टाकीत वायूने माणूस बेशुद्ध’ हे शब्द स्पष्ट सांगावेत, म्हणजे पथक श्वसनयंत्र घेऊनच निघेल. तोवर झाकणे उघडी ठेवावीत, गर्दी हटवावी, बाहेरून दोर टाकून ओढता येत असेल तर ओढावे. बाहेर काढलेल्याला मोकळ्या हवेत न्यावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे, तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये. रुग्णालयात ऑक्सिजन आणि इतर उपचारांनी अनेक जण वाचतात, मात्र त्यासाठी ते लवकर आणि एकेकटेच बाहेर यायला हवेत, वाचवणाऱ्यांसह नव्हे. शहरात कोणी सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवत असल्याचे दिसले तर १४४२० या हेल्पलाइनवर कळवता येते.

हायड्रोजन सल्फाइडपासून रक्तदाबाची किंवा स्मृतिभ्रंशाची गोळी बनायला किती वर्षे लागतील, हे प्रयोगशाळा ठरवतील. वाकडीच्या विहिरीत मात्र कोणत्याही नव्या औषधाची गरज नव्हती. तिथे सहाव्या माणसाच्या कमरेला होता, तसा एक दोर आणि वर तो धरणारी माणसे पहिल्यापासून हवी होती.